पणजोबांच्या पेटीतले जपानी रुपये: विकू की ठेवू?

प्रश्न थोडक्यात असा आहे: “माझे पणजोबा दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात लष्कराचा ट्रक चालवायचे. सोलापुरातलं जुनं घर रिकामं करताना माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत ११ नोटा सापडल्या. दहांवर इंग्रजीत ‘जपानी सरकार’ असं छापलंय, काहींवर ‘रुपये’ असंही. अकरावी साधी जुनी भारतीय दहाची नोट आहे, राजाचं चित्र असलेली, तिच्यावर वरून काहीतरी इंग्रजी मजकूर मारलाय. एका जपानी नोटेवर पेन्सिलीनं खरडलंय, ते खोडावं का? नेटवर लाखांचे आकडे दिसतात, इथला एकजण सगळ्या गठ्ठ्याचे दोन हजार देतो म्हणतो. नोटा खऱ्या आहेत का? आणि असा संग्रह करायचा झाला तर सुरुवात कुठून करू?”

आधी तो खोडरबर हातातून खाली ठेवा. बाकीचं सावकाश बोलू.

मी बँकेत कॅश काउंटरवर तीस वर्षं काढली आणि त्यातली पंचवीस वर्षं परकी सत्ता युद्धात जिंकलेल्या मुलखात ज्या नोटा चालवते, त्या जमवते आहे. त्यामुळे नोट हातात आली की दोन सवयी एकदम जाग्या होतात. कॅशियर बघतो, खरी की खोटी. संग्राहक बघतो, ही कुणाकुणाच्या हातातून गेली असेल. तुमच्या फोटोंकडे मी दोन्ही डोळ्यांनी बघितलं.

दहाच्या दहा जपानी नोटा फोटोत तरी खऱ्या दिसतात. आनंदाच्या भरात लगेच पेढे वाटू नका, कारण खऱ्या असणं ही इथे मोठी गोष्ट नाही. जपाननं १९४२ मध्ये ब्रह्मदेश घेतला तेव्हा तिथे आपलाच रुपया चालत होता. रिझर्व्ह बँकच ब्रह्मदेशाची मध्यवर्ती बँक होती. लोकांच्या सवयीचं नाव राहावं म्हणून जपान्यांनी नोटेवर ‘रुपी’ हेच नाव ठेवलं. मलायात डॉलर, फिलिपिन्समध्ये पेसो, डच ईस्ट इंडीजमध्ये, म्हणजे आजच्या इंडोनेशियात, गुल्डन, आणि ओशनियासाठी, म्हणजे पॅसिफिकमधल्या बेटांसाठी, पौंड-शिलिंग. जिथे जे नाव चालत होतं तेच छापलं. नाव लोकांचं, छापखाना जपानचा आणि खर्च पुन्हा लोकांच्याच डोक्यावर, असा तो व्यवहार.

तुमच्याकडची पाच रुपयांची नोट समोर ठेवा. तारीख शोधा, सापडणार नाही. सही शोधा, तीही नाही. बँकेचं नाव नाही. ‘जपानी सरकार’ एवढंच, लाल शिक्का आणि इंग्रजी अक्षरं. त्या अक्षरांतलं पहिलं ‘बी’ म्हणजे बर्मा. मलायाच्या नोटेवर ‘एम’ असतं, फिलिपिन्सच्या ‘पी’, ओशनियाच्या ‘ओ’, डच ईस्ट इंडीजच्या ‘एस’. पुढची अक्षरं छपाईतल्या गठ्ठ्याची. तुमच्या दहांपैकी सातांवर अक्षरं आडव्या रेघेच्या वर-खाली मांडली आहेत, अपूर्णांक लिहितो तशी. दोन्ही प्रकार खरेच, घाबरू नका. कॅशियरला मात्र हे बघून घाम फुटतो. नोटेला नंबर नाही म्हणजे किती छापल्या याचा हिशेब कुणाला विचारायचा? तीस वर्षं ज्या बाईनं रोज संध्याकाळी पैसा-पैसा जुळवूनच घर गाठलं, तिला ही नोट अजूनही बेशिस्त वाटते.

मलायाच्या १ ते १० डॉलरच्या पहिल्या काही नोटांना नंबर होते, म्हणून त्या आज महाग. पुढे नंबर गेले, वॉटरमार्क गेला, कागद उतरत गेला आणि किमतीवरची शून्यं वाढत गेली. तिथल्या १० डॉलरच्या नोटेवर केळीचं झाड आहे, म्हणून लोक त्या सगळ्याच चलनाला ‘केळ्याचे पैसे’ म्हणायचे. त्याच नोटेवर ‘मागताक्षणी धारकास देण्याचे वचन’ छापलेलं आहे. काय देणार, ते मात्र छापलेलं नाही.

ब्रह्मदेशाच्या संचात मला सगळ्यात आवडते ती सर्वांत फालतू नोट, १ सेंटची. तुमच्या पेटीत तशा दोन आहेत, लहान, बसच्या तिकिटापेक्षा थोड्या मोठ्या. रुपया म्हणजे सोळा आणे हे ज्या मुलखाच्या जिभेवर होतं, तिथे जपान्यांनी १, ५ आणि १० सेंट काढले. आपल्याकडे दशमान नाणी आली १ एप्रिल १९५७ ला, आणि तेव्हाही म्हाताऱ्या माणसांनी ‘नये पैसे’ला किती नावं ठेवली हे माझी आई सांगायची. तिथल्या भाजीवालीनं सहा पैशांचा हिशेब सेंटमध्ये कसा केला असेल? सेंटच्या वर पाव रुपया, अर्धा रुपया, १, ५, १० आणि १९४४ मध्ये १०० रुपये. संच एवढाच. नेहमीच्या वापरलेल्या अवस्थेत तो अख्खा संच एका चांगल्या सोलापुरी चादरीच्या किमतीत आजही जमतो.

मग लाखांचे आकडे कुठून येतात? कुठूनही येत नाहीत. विकणाऱ्यानं मागितलेली किंमत आणि कुणीतरी मोजलेली किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोबाइलवर ‘ही नोट असेल तर रिझर्व्ह बँक लाखो देईल, आधी नोंदणी फी भरा’ असं कुणी म्हणालं तर तो नंबर तिथेच ब्लॉक करा. रिझर्व्ह बँकेनं २०२१ मध्ये जाहीर इशारा दिलेला आहे की जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात ती पडत नाही आणि असलं कमिशनही मागत नाही. माझ्या ओळखीतल्या एका निवृत्त शिक्षकांनी तरीही अशी फी दोनदा भरली. दुसऱ्यांदा का भरली, तर पहिली परत मिळवण्यासाठी.

या नोटा स्वस्त का, त्याचं उत्तर तुमच्या पणजोबांच्या खिशात आहे. १९४५ मध्ये ब्रिटिश आणि भारतीय फौजा परत आत शिरल्या तेव्हा जपानी रुपया एका रात्रीत रद्दी झाला. खजिन्यांत कोऱ्या गड्ड्या तशाच पडल्या होत्या. काडीच्या किमतीचं पण दिसायला नोटेसारखं, म्हणून शिपायांनी मूठमूठ उचललं, घरी पोरांना दाखवायला. म्हणजे तुमच्या पणजोबांनी आणलेल्या दहा नोटा आणल्या त्या दिवशीच बिनकिमतीच्या होत्या. हे जपान सरकार आता भरून देईल का, असं मला वर्षातून एकदा तरी कुणीतरी विचारतंच. नाही. हाँगकाँगमध्ये लोकांना आपले डॉलर देऊन जपानी लष्करी येन घ्यायला भाग पाडलं होतं, आधी दोनास एक, मग चारास एक या दरानं. त्यांनी पिढ्यान्पिढ्या तो कागद जपून दावा लावला, आणि १९९९ मध्ये टोकियोच्या न्यायालयानं तो फेटाळला. फिलिपिन्समध्ये तर दावेदारांची संघटनाच होती. तिचा शिक्का मारलेल्या पेसोच्या नोटा अजून बाजारात फिरतात.

आता अकरावी नोट. तुम्ही तिला ‘साधी’ म्हणालात म्हणून मी खुर्चीत सरळ होऊन बसले.

ती रिझर्व्ह बँकेची सहाव्या जॉर्जची दहाची नोट, आपल्या नाशिकला छापलेली. तिच्यावर मारलेला मजकूर म्हणजे ‘ब्रह्मदेशाचे लष्करी प्रशासन’ आणि त्याखाली ‘फक्त ब्रह्मदेशात कायदेशीर चलन’. जपान्यांना हटवत फौज पुढे सरकत होती, मागे लष्करी प्रशासन बसत होतं, आणि त्याला चलन लागत होतं. नव्या नोटा काढायला वेळ नव्हता, म्हणून आपल्याच नोटेवर मजकूर चढवून ती त्या देशापुरती बांधून टाकली. ही युक्ती नवीन नव्हती. १९३७ मध्ये ब्रह्मदेश हिंदुस्थानापासून प्रशासकीयदृष्ट्या वेगळा झाला तेव्हाही भारतीय नोटांवर असाच मजकूर छापला होता. आणि १९४७ मध्ये ‘बर्मा करन्सी बोर्ड’चा मजकूर चढलेल्या नोटा निघाल्या. एकाच नोटेचे तीन अवतार.

तुमच्या दहा जपानी नोटा एका पारड्यात आणि ही एकटी दुसऱ्यात घातली तर पारडं हिच्या बाजूला झुकेल. दोन हजार देणाऱ्या गृहस्थांची नजर कशावर होती हे आता तुमच्या लक्षात आलं असेल. त्यांना नावं ठेवायचं कारण नाही, व्यापारी आहेत. पण तुम्ही त्यांना सगळा गठ्ठा एकदम दाखवला नसता तर बरं झालं असतं.

वरून चढवलेला मजकूर असला की खोट्याची शक्यता आली. साधी दहाची नोट घ्यायची, रबरी शिक्का किंवा छोट्या छपाईयंत्रावर मजकूर मारायचा, किंमत कितीतरी पट. माझी तपासायची पद्धत सांगते. नोटेवर मधोमध घडी आहे ना? दहापट दाखवणारं भिंग घ्या आणि जिथे मजकुराचं अक्षर घडीवरून जातं तिथे बघा. खऱ्या नोटेवर मजकूर आधी छापला, मग नोट वापरात आली, मग घडी पडली. म्हणजे घडीवर खालची छपाई झिजली असेल तर वरचं अक्षरही तेवढंच झिजलेलं हवं, दोन्हींत पांढरी रेघ सलग. खोट्यात आधी जुनी घडी, नंतर शाई. शाई घडीच्या खाचेत उतरते, तंतूंत पसरते, आणि रेघ भरून निघालेली दिसते. तुमच्या फोटोत रेघ सलग वाटते. पण फोटोवरून शपथ घेणार नाही, भिंगाखाली तुम्हीच बघा.

दुसरी तपासणी निळ्या दिव्याची, म्हणजे अल्ट्राव्हायोलेटची. बँकेत असतो तो, किराणा दुकानांतही हल्ली असतो. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालायची चकाकी देणारी रसायनं युद्धानंतर वापरात आली. १९४२ चा कागद त्या दिव्याखाली मंद, पिवळसर राहायला हवा. ही गोष्ट मी पैसे मोजून शिकले. बऱ्याच वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात मी ‘आझाद हिंद बँके’ची म्हणून एक नोट घेतली, नेताजींच्या चित्रासह, त्या महिन्याच्या पगाराला चिमटा काढून. आझाद हिंद बँक एप्रिल १९४४ मध्ये रंगूनला स्थापन झाली हे खरं, त्यामुळे मनानं लगेच होकार दिला. सोमवारी काउंटरचा दिवा लावून नोट खाली धरली, तर नीळ दिलेल्या धोतरासारखी लखलखली. शेजारच्या काउंटरवरचे सहकारी म्हणाले, “मॅडम, ही तर आपल्या सध्याच्या नोटेपेक्षा नवी दिसते.” ती मी फेकली नाही. अजून कपाटात आहे, नवख्यांना दाखवायला. या नावाच्या नोटांपासून पहिली दहा वर्षं तरी लांब राहा, विकणारा कितीही देशभक्तीनं बोलला तरी.

दिव्याला एक अपवाद आहे. खरी जुनी नोट कुणी कपड्याच्या पावडरीत धुतली असेल तर तीही चमकते. आणि आपल्याकडे नोटा धुणारे, वर इस्त्री फिरवणारे लोक कमी नाहीत. धुतलेली नोट हातात घेतली की कळते, तिचं अंग गेलेलं असतं. कोरी नोट आपल्याकडच्या कडक भाकरीसारखी असते, बोटानं टिचकी मारली की वाजते. धुऊन इस्त्री केलेली म्हणजे तीच भाकरी आमटीत बुडवून परत वाळवलेली. दिसेल गोल, पण वाजायची नाही. घड्या उजेडासमोर तिरकी धरून मोजायच्या. इस्त्रीनं घडी सपाट होते, तुटलेले तंतू जुळत नाहीत. बाजारात ज्याला ‘यूएनसी’ म्हणतात ती एकही घडी नसलेली नोट. एक घडी पडली की ते नाव गेलं, विकणारा काहीही म्हणो.

आणि पेन्सिलीचं खरडणं. तुम्ही पाठवलेला फोटो मोठा करून बघितला. देवनागरीत ‘मिक्टिला’ आणि ‘मार्च ४५’ असं वाचता येतं, पुढचं अक्षर पुसट आहे, बहुधा एखाद्या नावाचं पहिलं अक्षर. मिक्टिला हे मध्य ब्रह्मदेशातलं गाव. फेब्रुवारी-मार्च १९४५ मध्ये तिथे मोठी लढाई झाली आणि त्यानंतर जपान्यांची मधली फळी कोसळली. बाजारात कोऱ्या पाच रुपयांच्या नोटेला थोडे जास्त पैसे येतील, खरडलेलीला कमी, असं कुणी सांगेल. सांगू दे. कोऱ्या नोटा हजारोंनी आहेत. मार्च ४५ मध्ये मिक्टिलाला बसून एका सोलापूरकर ड्रायव्हरनं पेन्सिलीचं टोक ओलं करून लिहिलेली ही एकच. ते अक्षर त्यांचंच आहे का हे पडताळायला त्यांचं लष्करातलं पगाराचं पुस्तक (पे-बुक), एखादं पत्र, जमिनीच्या कागदावरची सही, काहीही शोधा.

मला या छंदात ओढलं ते मात्र ब्रह्मदेशानं नाही, चीननं. सोलापूरच्या मुलीनं चिनी नोटा का जमवाव्यात? भैय्या चौकातून शाळेला जाताना डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं नाव रोज कुणी ना कुणी घ्यायचं. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून ते चीनला गेले, आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच वारले, वय अवघं बत्तीस. बँकेत लागल्यावर एक साधा प्रश्न डोक्यात आला: ते होते त्या डोंगराळ भागात माणसं भाजी कुठल्या पैशानं घेत असतील?

उत्तर शोधायला गेले आणि त्यातच गुंतले. त्या काळच्या उत्तर चीनमध्ये नोटांचीच लढाई चालू होती. जपान्यांनी १९३८ मध्ये पेकिंगला एक रिझर्व्ह बँक काढून दिली आणि तिच्या नोटांवर कन्फ्यूशियससारखे चिनी लोकांचेच पूज्य पुरुष छापले. १९४१ मध्ये नानकिंगच्या जपानधार्जिण्या वांग चिंगवेई सरकारची वेगळी बँक आली. तिनं पुढच्या वर्षी लोकांचे जुने राष्ट्रीय चलनातले दोन युआन घेऊन आपला एक द्यायचा असा दर लादला. युद्ध संपल्यावर हिशेब उलटा फिरला, त्या बँकेचे दोनशे दिले तर राष्ट्रीय चलनातला एक. कोटणीस जिथे होते त्या शान्सी-चाहार-होपेई सीमा प्रदेशाची स्वतःची बँक होती, ती १९३८ चीच. तिथल्या प्रशासनानं शत्रूच्या नोटांना बंदी घातली होती. म्हणजे एका खोऱ्यात जी नोट खिशात असणं गरजेचं, तीच पुढच्या खोऱ्यात गुन्हा.

त्या सीमा प्रदेशाची एक छोटी नोट माझ्याकडे आहे. मिळायला बरीच वर्षं गेली, कारण या नोटांच्या आधुनिक नकलांचा पूर आलेला आहे. खरी नोट देखणी नाही. कागद जाड-पातळ, रंग एका कडेला गडद आणि दुसरीकडे फिका, कापताना तिरकी गेलेली. नकली नोटा नेमक्या उलट असतात, फार नीटनेटक्या आणि वर चहाच्या पाण्यानं पिवळ्या केलेल्या. चहाचा डाग कागदभर सारखा पसरतो. काळाचा पिवळेपणा कडांना आणि घड्यांना जास्त असतो.

पेकिंगच्या बँकेच्या एक युआनच्या नोटेबद्दल संग्राहक एक गोष्ट सांगतात. चिनी नक्षीकारानं म्हणे कन्फ्यूशियसचे जोडलेले हात असे कोरले, की ती नमस्काराची मुद्रा न राहता जपान्यांना दिलेली शिवी झाली. गोष्ट खरी की नंतर रचलेली, ते तुम्ही नोट बघूनच ठरवा. मला ते माझ्या पहिल्या नोटेवर ठरवताच आलं नाही. ती मी लग्नाच्या फोटोंचा असतो तसल्या चिकट प्लास्टिकच्या अल्बममध्ये लावली होती, आणि अल्बम पत्र्याखालच्या खोलीत ठेवला होता. सोलापूरचा मे महिना. जूनमध्ये उघडून नोट सोडवायला गेले, तर नेमके हातच प्लास्टिकला चिकटून राहिले. महर्षी आले, हात नाही आले.

तेव्हा ठेवण्याबद्दल कळकळीनं सांगते. ज्या प्लास्टिकला नव्या रेनकोटसारखा वास येतो ते पीव्हीसी; उन्हाळ्यात ते घाम सोडतं आणि शाई ओढून घेतं. पॉलिएस्टरची पाकिटं घ्या, ‘मायलर’ म्हणून मिळतात, महाग वाटतील पण ११ नोटांना कितीशी लागणार? लॅमिनेशन म्हणजे नोटेचं श्राद्धच. चिकटपट्टी नको, स्टेपलर नको. स्टेपलची पापं आम्ही बँकवाल्यांनी पुष्कळ केली आहेत, तुम्ही करू नका. डांबराच्या गोळ्या पाकिटाजवळ ठेवू नका. पेटी माळ्यावर परत चढवू नका. घरातल्या आतल्या भिंतीचं लाकडी कपाट, मधला कप्पा, नोटा आडव्या. आपली हवा कोरडी, बुरशी कोकणाइतकी छळत नाही. आपला शत्रू ऊन आणि कसर. दिवाळीच्या साफसफाईत आणि मे महिन्याच्या आधी, वर्षातून दोनदा उघडून बघा.

संग्रहाची सुरुवात करायचीच असेल तर पेटीनं तुमच्यासाठी वाट आखून ठेवली आहे. ब्रह्मदेशाचा जपानी संच पूर्ण करा. तुमच्याकडे नाहीत त्या तीन-चार नोटा स्वस्तात मिळतील. मग त्याच काळात बा माँच्या, म्हणजे जपान्यांच्या छत्राखालच्या ब्रह्मी सरकारनं काढलेल्या क्याटच्या नोटा आहेत. त्या अवघड आणि महाग, घाई करू नका. त्याहून मला वाटतं भारतीय नोटांचे ते तीन अवतार गाठा, त्यात तुमचा एक आधीच हातात आहे. प्रत्येक नोटेला कॅटलॉगमध्ये ‘पिक नंबर’ असतो. व्यापाऱ्याशी बोलताना त्या नंबरानं बोला, म्हणजे गोड गोष्टींना जागा राहत नाही. पावती घ्या आणि ‘खोटी निघाल्यास परत’ हे तिच्यावर लिहून घ्या. लिहून द्यायला जो कचरतो त्याच्याकडून चहाही घेऊ नये. जपानी नोटेवर लाल चिनी-जपानी अक्षरांत ‘नमुना’ असा छाप असला की किंमत चढते, म्हणून तो छाप नंतर मारलेलाही भरपूर सापडतो. घडीची तपासणी तिथेही लागू.

पश्चिम महाराष्ट्रातल्या घरांत आणखी एक गोष्ट सापडते, ती इथे सांगून ठेवते. मराठा पलटणी इटलीतही लढल्या, आणि त्या पेट्यांतून दोस्त राष्ट्रांनी छापलेले लष्करी लिरे निघतात. त्यातल्या अमेरिकेत बोस्टनच्या ‘फोर्ब्स’ छापखान्यात छापलेल्या नोटांच्या नक्षीत बारीकसा ‘एफ’ लपवलेला आहे. भिंग घेऊन तो शोधायला पोरांना द्या, रविवारची दुपार शांत जाते. जर्सी बेटावर जर्मनांच्या ताब्यात असताना निघालेल्या सहा पेन्सच्या नोटेवर चित्रकारानं ‘सिक्स’मधला ‘एक्स’ असा मोठा काढला की नोट दुमडली की विजयाचा ‘व्ही’ उरतो. हे सगळं गमतीचं आहे, पण ते पुढचं. आणि तुळजापूरच्या आत्याकडे निजामाच्या हाली शिक्क्याच्या नोटा सापडल्या तर त्या या संग्रहात मिसळू नका. ते त्या संस्थानाचं रीतसर चलन होतं, ताबा घेतलेल्या मुलखाचं नव्हे. कुवेतमधून आलेल्या शेजाऱ्याकडचे १९९० चे इराकी दिनार मात्र या विषयात बसू शकतात, कारण ताबा घेतल्यावर इराकनं तिथे स्वतःचंच चलन बरोबरीच्या दरानं चालवलं. त्यासाठी वेगळी नोट छापली नाही एवढंच.

तुम्ही विचारलंत विकू का. पैशांची निकड असेल तर जपानी नोटांतल्या दुबार आलेल्या विका, ‘मिक्टिला’ आणि दहाची भारतीय सोडून. निकड नसेल तर एकही नको. पण त्याआधी एक काम आजच करा. घरात ज्यांनी पणजोबांना बघितलंय असं सगळ्यात वयस्क माणूस गाठा आणि त्यांच्यासमोर ११ नोटा मांडा. ते जे बोलतील ते मोबाइलवर रेकॉर्ड करा, आणि पेटीत नोटा कशात गुंडाळल्या होत्या, कुठल्या क्रमानं होत्या, ते वहीत तारीख घालून लिहा. फोटोत कोपऱ्यात मला खाकी कापडाची पुरचुंडी दिसली. ती फेकली नसेल अशी आशा आहे. असेल तर तिचाही फोटो पाठवा, दोन्ही बाजूंनी, आणि त्या पुसट अक्षराचा एक, खिडकीतल्या तिरक्या उजेडात काढलेला.